हापूसच्या बॉक्सवर कवटी: पुतण्याला काय सांगू?

देवगडी_पेटी

मंडळी, प्रश्न जरा विचित्र आहे. हसलात तरी चालेल, पण उत्तर द्या.

देवगडपासून थोडं आत आमची एकशे चाळीसेक कलमं आहेत. वडिलांच्या वेळी सगळा माल वाशीला जायचा आणि मागाहून पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, यायची. पट्टीवर असेल तो आकडा गोड मानून घ्यायचा. गेली पाच वर्षं मी थोडा माल थेट गिऱ्हाइकाला देतो. दोन डझनचा पुठ्ठ्याचा बॉक्स, ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर, पैसे यूपीआयने, हिशेब फोनमधल्या एका फुकटच्या स्प्रेडशीटमध्ये. माझी डिजिटल क्रांती इथेच संपते.

यंदा पुतण्या सुट्टीला आलाय. पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आल्या आल्या म्हणाला, "काकानू, ब्रँड होयो." दोन रात्री जागून त्याने लेबल बनवलं, कणकवलीला जाऊन दोनशे स्टिकर छापून आणले. पाकीट उघडून बघतो तर काळ्यावर पांढरीफटक कवटी. लांबच लांब दात. खाली लिहिलंय 'अस्सल देवगड हापूस'.

मी विचारलं, हे काय रे? तर म्हणे पनिशर. कॉमिक्समधला अँटीहिरो. परराज्यातला आंबा देवगडच्या नावाने खपवणाऱ्यांना धडा शिकवतो, अशी 'थीम' आहे म्हणे.

आईने बॉक्स हातात घेतला, चष्मा लावला आणि म्हणाली, "रे बाबू, लोकांका वाटात आंब्याक ईख मारलेला हा." (ईख म्हणजे विष. हे वाक्य मी आधी फोनला तोंडाने सांगून टाईप करायला गेलो. तीन वेळा सांगितलं. तिन्ही वेळा त्याने लिहिलं, 'लोकांना वाटतं आंब्याला एक मारलेला आहे.' शेवटी बोटांनी लिहिलं.) आणि तिचं चूक नाही. आमच्या मांगरात कोनाड्यात एक जुनी औषधाची बाटली आहे, लाल खुणेची. तिच्यावर हीच कवटी, फक्त खाली दोन हाडं जास्त.

पोराने मन लावून केलंय, तोंडावर नाही म्हणवत नाही. दोनशे स्टिकरचे पैसेही त्याच्याच खिशातले. काय सांगू?

आणि विषय निघालाच आहे तर दोन गोष्टी विचारून घेतो. स्प्रेडशीटमध्ये मी 5/6 असं लिहितो, म्हणजे पाच डझनी पेटी, सहा नग. ते आपोआप '५ जून' होतं. पाच जूनला इथे मृगाची वाट बघतात, आंबा कुठला उरलाय! दुसरं, ब्रॉडकास्टवर भाव टाकला की अर्ध्या लोकांना तो मिळतच नाही. पुतण्या म्हणतो हे सगळं सोडा, इन्स्टावर या. यावं का?

स्लो_लोकल

काका, मूळ गाव राजापूर, मुक्काम डोंबिवली, आणि घरात कॉमिक्सचे चार खोके (बायकोच्या मते रद्दी). म्हणजे या विषयावर बोलायचा मला थोडा अधिकार आहे.

कवटी काढाच. आईंचं कारण पुरेसं आहे, पण माझं वेगळं आहे. ती कवटी मार्वलच्या मालकीची, आणि मार्वल २००९ पासून डिस्नीच्या घरात. तुमच्या दोन डझनच्या बॉक्ससाठी अमेरिकेहून कोणी येणार नाही, पण उद्या खरंच ब्रँड झाला तर पायाच दुसऱ्याच्या जमिनीवर. त्यापेक्षा २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालंय, त्याची नोंदणी करून ती खूण लावा. नकली मालाला धडा त्यानेच मिळेल.

आता पुतण्यासाठी. पनिशर पहिल्यांदा आला १९७४ मध्ये, स्पायडरमॅनच्या १२९व्या अंकात, आणि आला तो स्पायडरमॅनलाच मारायला. खलनायकाने फसवून अंगावर सोडलेला माणूस. लेखक जेरी कॉनवेने छातीवर लहानशी कवटी सुचवली होती, जॉन रोमिटाने ती पोटापर्यंत ताणली. ते लांबच लांब दात दिसतात ना, ते म्हणजे कमरेचा काडतुसांचा पट्टा. बायको आणि मुलं सेंट्रल पार्कमध्ये गुंडांच्या गोळ्यांना बळी पडली, तेव्हापासून याचा हात बंदुकीवरून निघाला नाही. भेसळवाल्यांना सोडत नाही हे खरं, पण तो कोणालाच सोडत नाही. तिकडच्या काही पोलिसांनी गाड्यांवर ही कवटी चिकटवली, तेव्हा २०१९च्या एका अंकात खुद्द पनिशरनेच ते स्टिकर टराटरा फाडलं. आदर्श हवा असेल तर कॅप्टन अमेरिकाचा घ्या, असं पोलिसांना सुनावलं. म्हणजे बघा, त्यालाच स्वतःचं स्टिकर नको होतं.

कॉलेजात मलाही हे सगळे आवडायचे. आता चाळिशीत पनिशर वाचवत नाही, दम लागतो. डेडपूल म्हणजे लग्नातला तो मावसभाऊ, स्वतःच्याच विनोदावर आधी हसणारा. वुल्व्हरिन अजून चालतो. आणि मनापासून सांगायचं तर माझा डोगा होता. राज कॉमिक्सचा. कुत्र्याचा मुखवटा, मुंबईची गटारं, दिवसा जिममधला सूरज. कल्याण स्टेशनबाहेर जुनी कॉमिक्स भाड्याने मिळायची, तिथून मी तो आणायचो. तो हिंदीत बोलायचा, पण गटारं आपली होती!

मिठागर_शिरोडा

स्लो_लोकल, तुम्ही कवटीचा मूळपुरुष विसरलात. फँटम! १९३६चा, पनिशरच्या आजोबांच्या वयाचा. कवटीच्या गुहेत राहायचा आणि ठोसा मारला की अंगठीतल्या कवटीचा ठसा गुंडाच्या जबड्यावर कायमचा.

आमच्या बाबांच्या ट्रंकेत इंद्रजाल कॉमिक्सचे मराठी अंक होते, कसर लागलेले. त्यात फँटमचं नाव वेताळ. आता मी राहते शिरोड्याला, आणि आरवलीचा वेतोबा इथून हाकेच्या अंतरावर. सात-आठ वर्षांची असेन, माझी ठाम समजूत होती की हा पुस्तकातला वेताळ आमचाच, फक्त नोकरीला आफ्रिकेत गेलाय. बाबांना विचारलंसुद्धा, "ह्येच्या पायात चपला खंय आसत?" कारण आमच्या वेतोबाला लोक नवसाला चामड्याच्या चपला वाहतात, चांगल्या हातभर लांबीच्या, आणि केळ्यांचे घड. रात्री गावाच्या सीमेवर राखणीला फिरतो म्हणून त्या झिजतात. पूर्वी वाहिलेल्या चपला तिथे रचून ठेवलेल्या असतात, तळ बघायला मुलं वाकतात. मीही वाकले आहे. झिजलेल्या होत्या हो.

भुतांचा राजा, पण राखण गावाची करतो. मग हिरो म्हणायचा की अँटीहिरो? आमच्याकडे हा प्रश्न कोणाला पडत नाही. घाबरायचं पण आणि भरवसा पण ठेवायचा.

बॉक्सवर चपला छापा असं म्हणत नाहीये, गैरसमज नको.

हिशेबी_माणूस

कवटीबद्दल मत नाही. बाकीच्या दोन प्रश्नांची उत्तरं देतो.

5/6चा जून होणं ही बहुतेक सगळ्या स्प्रेडशीटची जुनी खोड आहे. तिरकी रेघ दिसली की तारीख समजायची. रकाना निवडून फॉरमॅट 'टेक्स्ट' करा, मगच लिहा. नंतर बदललं तर आत तारखेचा आकडा बसलेला असतो, तो दिसेल. किंवा आधी एक अवतरणचिन्ह ' टाका. त्याहून चांगलं म्हणजे डझन एका रकान्यात, नग दुसऱ्यात. बेरीज तरी होईल. '5/6'ची बेरीज तुम्ही आजवर कशी करत होता?

मनाला लावून घेऊ नका. जनुकशास्त्रज्ञांचंही हेच झालंय. MARCH1 नावाचं जनुक एक्सेलमध्ये लिहिलं की १ मार्च व्हायचं. शेवटी २०२०मध्ये नामकरण समितीने जनुकांचीच नावं बदलली. सॉफ्टवेअर बदलण्यापेक्षा माणसाचं जनुक बदलणं सोपं पडलं. आपोआप होणारे असे बदल बंद करायची सोय एक्सेलने त्यानंतर दिली, २०२३मध्ये.

ब्रॉडकास्ट: समोरच्याने तुमचा नंबर सेव्ह केला असेल तरच मेसेज पोचतो. एका यादीत २५६ माणसं. पावतीबरोबर 'नंबर सेव्ह करा' एवढी चिठ्ठी टाका.

देवगडी_पेटी

@हिशेबी_माणूस, बेरीज मी वहीत करत होतो. स्प्रेडशीट पुतण्याला दाखवायला होतं. आता बोलतो ते खरं.

आगळवाली_शृंगारतळी

दादा, इन्स्टाचं मी सांगते. माझं कोकम आगळ आणि फणसपोळी. गेल्या मे महिन्यात भाचीने रील केलं, रातांबे फोडतानाचं, लाल हात वगैरे. चाळीस हजार लोकांनी बघितलं. हार्ट आले, आग आली, एकाने विचारलं "ताई हे रक्त आहे का". ऑर्डरी किती? तीन. त्यातली एक माझ्या नणंदेची.

आणि ठाण्याच्या एका सोसायटीतल्या बायकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर माझ्या एका गिऱ्हाइकाने नुसतं "आगळ छान आहे" एवढं लिहिलं, तर अठरा बाटल्या गेल्या. तेव्हा पोराला रील करू दे, त्याची हौस आहे. तुम्ही तुमची सोसायटी सांभाळा. मी तर अजून ऑर्कुटसाठी हळहळणारी बाई. २०१४च्या सप्टेंबरात बंद झालं तेव्हा माझ्या स्क्रॅपबुकातल्या मैत्रिणी गेल्या त्या गेल्याच, निम्म्यांची लग्नानंतरची आडनावंच माहीत नाहीत.

कवटीचं म्हणाल तर आमच्याकडे शंकासुर बघा. काळा झगा, तोंडावर काळा मुखवटा, कमरेला घुंगरू, हातातल्या दोरीने पोरांना फटकावतो. गोष्टीत हा वेद चोरणारा असुर. पण शिमग्याला दारात आला की आई त्याच्याच पाया पडायला लावायची, आणि त्याला नवस बोलतात. माझा भाऊ त्याला घाबरून पडवीतल्या पिंपात लपायचा, आणि दुसऱ्या दिवशी आईचा काळा परकर डोक्यावर घेऊन स्वतःच शंकासुर व्हायचा. तुमचा पुतण्या त्याच वयात आहे, फक्त पाय लांब झालेत.

देवगडी_पेटी

नमस्कार. मी पुतण्या. काका बागेत गेलेत, फोन चार्जिंगला आहे, लॉगिन चालूच होतं.

सगळं वाचलं. डिस्नीचा मुद्दा मान्य, तो माझ्या डोक्यातच आला नव्हता. पण मला पनिशर 'बंदूकवाला' म्हणून आवडत नाही. बाकीचे हिरो वाईट माणसाला पकडून देतात, तो पुढच्या अंकात सुटून येतो, पुन्हा तेच. गेल्या वर्षी आमचे सात बॉक्स वाटेत गायब झाले. काकांनी अकरा वेळा फोन केला. प्रत्येक वेळी आवाज गोड, तक्रार क्रमांक नवा. आजीने शेवटी देवाला गाऱ्हाणं घातलं. मी तेव्हा बाजूला बसून कॉमिक्स वाचत होतो. कवटी तिथून आली. भेसळीचं नंतर सुचलं.

हे काकांना सांगू नका. म्हणजे ते वाचतीलच.

स्लो_लोकल

वाचलं रे. पुण्यात असशील तर एखाद्या रविवारी डोंबिवलीला ये, डोगाचे अंक काढून ठेवतो. परत द्यायचे मात्र.

मिठागर_शिरोडा

गाऱ्हाणं घातलं ना आजीने? मग झालं. बॉक्स चोरणाऱ्याच्या मागे चपला लागल्या असतील एव्हाना.

देवगडी_पेटी

वाचलं. त्या सात बॉक्सचं पोराने इतकं मनाला लावून घेतलं असेल हे माझ्या गावीही नव्हतं. मी ते नुकसान वहीत लिहून पान उलटलं होतं.

कळवायचं राहिलं म्हणून लिहितो. नवं लेबल त्यानेच केलं. साधं पांढरं, एक पान, एक फळ, खाली माझा नंबर आणि 'सेव्ह करा'. आईला पसंत पडलं. फक्त म्हणाली, "आंबो जरा बारीक काढलंस." मानांकनाच्या कागदांना लागलोय. स्प्रेडशीटमध्ये डझन आणि नग वेगळे केले, पहिल्यांदाच वहीतली आणि फोनमधली बेरीज जुळली. चार पेट्यांचा फरक आला होता, तो वहीचाच निघाला, फोनचा नव्हता.

उरले ते दोनशे स्टिकर. फेकवेनात. सड्यावरच्या बागेत वांदरांनी उच्छाद मांडलाय, दिवसाला पाटीभर फळ अर्धवट चावून खाली टाकतात. दरवर्षी आम्ही मडक्याला चुना फासून, डोळे काढून काठीवर लावतो. यंदा बाबूने जुनी मडकी काळी रंगवली आणि प्रत्येकावर चारी बाजूंनी पनिशर चिकटवला. बावीस मडकी. लांबून बघितलं तर बाग आहे की स्मशान, कळत नव्हतं. आईने तिकडे यायचंच बंद केलं.

दोन दिवस एक वांदर फिरकला नाही. बाबूने रील टाकलं, माझ्यापेक्षा जास्त खूश तोच.

आज सकाळी गेलो. पाणंदीकडच्या कलमाखाली एक मोठा हुप्प्या मडकं दोन पायांत धरून बसला होता. एका हातात आंबा, आणि दुसऱ्या हाताच्या नखाने कवटीचा एकेक दात खरवडून काढत होता. मला बघून हलला नाही. दात संपल्यावर उठला.