नाक्यावरची आंदोलनं: तुमचे अनुभव लिहा

निशिगंध
भाजी घेऊन परत येताना कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानासमोर सातआठ बायका उभ्या दिसल्या. हातात बुटांच्या खोक्यांचे पुठ्ठे, त्यावर निळ्या स्केचपेननं लिहिलेलं: "मॅनहोलचं झाकण बसवा, पावसाळा आला." एकीच्या कडेवर बाळ. घोषणा नाहीत, भोंगा नाही. मी पिशव्या खाली ठेवल्या आणि त्यांच्यात जाऊन उभी राहिले. घरी आल्यापासून आई आठवतेय.

१९७२-७३ साल, आम्ही गोरेगावला. दुष्काळ, रेशनच्या रांगा, तेल नाही, रॉकेल नाही. मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर यांच्या महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीनं बायकांना लाटणी घेऊन रस्त्यावर उतरवलं, हे सगळ्यांना माहीत आहे. मला आठवतं ते घरातलं. आईनं निघताना दोन्ही लाटणी हातात घेऊन पाहिली आणि तडा गेलेलं पिशवीत टाकलं. चांगलं घरीच ठेवलं, संध्याकाळी पोळ्या करायच्या होत्या.

त्या मोर्च्याच्या आधी कितीतरी दुपारी आमच्या वाडीच्या पायरीवर बायका जमायच्या. कोण येणार, कुणाची पोरं कुणाकडे ठेवायची, कुणाच्या सासूला काय सांगायचं, ट्रेनचे पैसे कुणाकडे नाहीत. मोर्चा तिथे उभा राहत होता. फोटो मात्र फक्त मोठ्या रस्त्यावरचे छापून आले. मला त्या पायरीबद्दल वाचायचंय.

तुम्ही कधी गल्लीच्या तोंडाशी, नाक्यावर, वॉर्ड ऑफिसबाहेर उभे राहिलात का? कशासाठी? माणसं कशी जमवलीत? काम झालं नसेल तरी लिहा.

डोंगरावरची
हंडा मोर्चा!! आमच्या वस्तीनं किती काढले त्याला गणती नाही. घर चढावर, पाण्याला प्रेशर नाही, पहाटे साडेतीनला नळ येणार तोही करंगळीएवढा.

नवीन बायकांना सांगते तेच इथे लिहिते. प्लास्टिकचा हंडा आणू नका. स्टीलचा आणा नाहीतर पितळेचा, रिकामा, आणि सोबत चमचा. साहेबांच्या केबिनपर्यंत आवाज गेला पाहिजे. निवेदनाच्या दोन प्रती न्या. आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक नंबर पडल्याशिवाय उठायचं नाही. "बघतो" म्हणाले की तिथेच फरशीवर बसायचं.

आमची लाइन झाली ती या आवक नंबरांच्या जोरावर. जुने साहेब बदलून गेले, नवे म्हणाले मला काही माहीत नाही. आमच्या वस्तीतल्या एका मावशीनं दुधाच्या धुतलेल्या पिशवीतून सगळे कागद काढले आणि तारखेवार टेबलावर मांडले. मावशीला वाचता येत नाही. कोपरे दुमडून ओळखायची कुठला कधीचा ते. साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले हो. वर हायकोर्टाच्या निकालाची बातमी लॅमिनेट करून ठेवली होती, डिसेंबर २०१४ चा निकाल, २००० नंतरच्या झोपड्यांनाही पाणी द्या म्हणून. तीही मांडली.

घाईत
वाचतेय. कुकर लावलाय, येते.

चिंचपोकळीकर
डोंगरावरची ताई, मावशींना माझा नमस्कार सांगा.

१८ जानेवारी १९८२. वडील कापडगिरणीत, साचेखात्यात, म्हणजे मागांवर. अडीच लाख कामगारांचा संप म्हणून त्याचं नाव झालं, पण आमच्यासाठी तो चाळीखालच्या नाक्यावर होता. चहावाल्याचं बाकडं रस्त्याकडेला आणायचं, एकानं वर चढायचं आणि बोलायचं. भोंग्याला पैसे नसले की वरच्या मजल्यावरचे ओरडायचे, "मोठ्यानं बोल रे, ऐकू येत नाय!" बाया गॅलरीत तांदूळ निवडत ऐकायच्या, आणि बोलणाऱ्याचं काही चुकलं की वरूनच दुरुस्त करायच्या.

पगार बंद झाल्यावर घर खानावळीनं चालवलं. आमच्या मजल्यावरच्या काकूंकडे गाववाले जेवायला होते, महिनोन्‌महिने त्यांनी कुणाकडे पैसे मागितले नाहीत. वही भरत गेली. प्रेमाताई पुरवांनी १९७५ ला अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच खानावळवाल्या बायकांसाठी. संपाच्या गोष्टीत पुढाऱ्यांचं नाव येतं, या काकूंचं येत नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. त्यांच्या हातच्या सुक्या बोंबलाच्या चटणीवर वेगळा धागा काढीन.

जुई
काढाच!! कांदा घालून की नुसती लसूण?

चिंचपोकळीकर
लसूण आणि भाजलेलं सुकं खोबरं. बोंबील आधी तव्यावर कडक करायचे. कांदा घातला की दुसऱ्या दिवशी टिकत नाही, पाळीवर डब्यात नेता यायची नाही.

जुई
उद्याच करते 🙏

विषयावर येते. आरे, मेट्रोच्या कारशेडसाठीची झाडतोड. शुक्रवार ४ ऑक्टोबर २०१९, हायकोर्टानं याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री झाडं तोडायला सुरुवात झाली. मी तेव्हा कॉलेजात. मेसेज आला, "पिकनिक पॉइंटला या," अर्धवट जेवण टाकून निघाले. अंधारात करवतीचा आवाज येत होता आणि आम्हाला आत जाता येत नव्हतं. जमावबंदी लागली, २९ जणांना अटक झाली. सोमवारी ७ तारखेला सुप्रीम कोर्टानं तोड थांबवायला सांगितली, तोवर दोन हजारांवर झाडं गेली होती.

लोकांना ती रात्र माहीत आहे. मला त्याआधीचे रविवार जास्त आठवतात. पावसात रस्त्याच्या कडेला मानवी साखळी. पोस्टर कलरनं रंगवलेली फलकं दहा मिनिटांत ओघळायची, तळहात हिरवे व्हायचे. मग पाड्यातल्या एका आजीनं जुन्या साडीचा तुकडा आणून दिला, "यावर ऑइल पेंटनं लिही, धुऊन परत वापर." ती साडी प्रत्येक रविवारी होती. आजीला त्या झाडांची नावं येत होती, मला चारसुद्धा येत नव्हती. नंतर शिकले तिच्याकडून.

फास्टलोकल
मुद्दा थोडा वेगळा. माझ्या वडिलांना हॉस्पिटलला नेत असताना रास्ता रोकोत गाडी अडकली होती. तेव्हापासून आंदोलन म्हटलं की पोटात गोळा येतो. मागण्या बरोबर असतात, पण रस्ता अडवू नये असं मनापासून वाटतं.

निशिगंध
फास्टलोकल, वडील बरे आहेत ना आता? तुमचं म्हणणं पटतं. आजच्या बायका फुटपाथच्या कडेला उभ्या होत्या, रस्ता मोकळा होता.

फास्टलोकल
हो, ठणठणीत आहेत. रोज सकाळी बागेत जातात, तिथे बाकं बसवा म्हणून त्यांचंच निवेदन चालू आहे 🙂

डोंगरावरची
आमच्यात ठरलेलं आहे, अ‍ॅम्ब्युलन्सचा आवाज आला की हंडे उचलायचे आणि बाजूला व्हायचं. दोन पोरं त्याच कामाला उभी असतात.

रातराणी७
परवानगी लागते का हो? आमच्या गल्लीतले दिवे बंद आहेत, क्लासवरून मुली अंधारातून येतात. ऑनलाइन तक्रार केली की "निराकरण झाले" असा मेसेज येतो आणि दिवा तसाच बंद. आम्ही दहाबारा जणी ठरवतोय की बंद खांबाखाली रोज संध्याकाळी टॉर्च घेऊन उभं राहायचं. पोलीस उचलतील म्हणून घरचे घाबरतात.

काळाकोट
पेशानं वकील आहे, थोडक्यात लिहितो. शांततेनं, विनाशस्त्र एकत्र जमणं हा घटनेच्या १९व्या अनुच्छेदातला हक्क आहे. पण मुंबईत महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली जमावबंदीचे आदेश वारंवार निघतात, त्यात पाच किंवा जास्त जणांच्या जमण्यावर बंदी असते. मोठ्या आंदोलनांना आझाद मैदान दाखवलं जातं. म्हणून आधी पोलीस ठाण्यात पत्र द्या: तारीख, वेळ, जागा, साधारण किती जणी, एकीचा फोन नंबर. पोच घ्या. भोंगा लावणार असाल तर त्याची परवानगी वेगळी, रात्री १० ते सकाळी ६ नाहीच, आणि हॉस्पिटल, शाळा, कोर्ट यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र जाहीर केलेलं असेल तर तिथेही नाही.

नोटीस हातात दिली तर घाबरू नका. पूर्वी सीआरपीसीच्या (फौजदारी प्रक्रिया संहिता) कलम १४९ ची यायची, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ ची येते. नीट वाचा, प्रत ठेवा. आणि घरच्यांना सांगा, सूर्यास्तानंतर सूर्योदयाआधी महिलेला अटक करता येत नाही. अगदी अपवाद म्हणून करायची तर महिला अधिकाऱ्याला मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी घ्यावी लागते.

रातराणी७
खूप खूप आभार. हे प्रिंट काढून सासूबाईंना वाचून दाखवते. त्याच सगळ्यात जास्त घाबरल्यात.

मीठभाकर
सासूबाईंनाच पहिल्या रांगेत उभं करा. आमच्या इथे बस बंद झाली तेव्हा पुढे सगळे पेन्शनर होते, कुणी आवाज चढवून बोलायची हिंमत केली नाही.

सह्या आम्ही स्टॉपवरच घेतल्या. रांगेत माणूस उभाच असतो, त्याला कुठे जायचं नसतं, आणि बस का नाही याचा राग तिथेच ताजा असतो. सहीसमोर त्याचा रोजचा प्रवास लिहून घ्यायचो: कुठून कुठे, किती वाजता, आता रिक्षाला किती जातात. एक काकू डायलिसिसला जायच्या आठवड्यातून तीनदा. त्यांची ती एक ओळ वाचल्यावर अधिकारी गप्प झाले. बस परत आली, पूर्वीपेक्षा कमी फेऱ्या आहेत. अजून भांडतोय.

घाईत
आले. वरण उतू गेलं पण असू दे.

मॅनहोलचं वाचून काटा आला अंगावर. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात एल्फिन्स्टनला एवढे मोठे डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये गेले, तेव्हा मी त्याच भागात गुडघाभर पाण्यातून चालत होते. पुढच्या माणसानं काठी टेकत रस्ता दाखवला. निशिगंधताई, त्या बायकांना सांगा झाकण बसलं तरी आत जाळी आहे का ते बघा. झाकणं चोरीला जातात, जाळी असली तर माणूस तरी वाचतो.

निशिगंध
नक्की सांगते. संध्याकाळी परत जाणार आहे.

बालवाडीच्याबाई
जून २०२५. पहिलीपासून तिसऱ्या भाषेचा जीआर. मी स्वतः लहान मुलांना शिकवते, सहा वर्षांच्या मुलाला एका वेळी किती झेपतं ते रोज बघते, त्यामुळे गप्प बसणं शक्यच नव्हतं. आमच्या चौकात पालक आणि आम्ही शिक्षिका मिळून जीआरची होळी करायची ठरली. नेमका पाऊस. कागद पेटेना. चार काड्या गेल्या. समोरच्या इमारतीतल्या आजोबांनी खिडकीतून बघितलं आणि देवघरातली कापराची डबी घेऊन खाली आले. मग पेटला!

२९ जूनला जीआर मागे घेतल्याची घोषणा झाली. पेढे वाटताना आजोबांना पहिला.

मला खंत एका गोष्टीची आहे. मराठी शाळा बंद पडतात तेव्हा एवढे पालक चौकात येत नाहीत. त्यासाठी पुन्हा प्रयत्न चालू आहे, दर महिन्याला शाळेच्या गेटवर भेटतो, कधी पाच जण असतात, कधी मी आणि शिपाईमामा. पण भेटतो.

चिंचपोकळीकर
बाई, कुठली शाळा ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मी येतो.

जुई
मीपण. घोषणा लिहून देईन.

मीठभाकर
घोषणेवरून आठवलं. "पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में." मृणालताई १९७७ ला खासदार झाल्या आणि इंदिराबाई हरल्या तेव्हाची. माझे वडील गाडी चालवताना अजून म्हणतात. गोरेगावला पुलाला मृणालताईंचं नाव आहे, त्यावरून गेलं की हमखास.

निशिगंध
आमच्या वाडीत त्या मध्यरात्रीसुद्धा आल्या आहेत, नळाला खरंच पाणी येतं का ते बघायला. आईनं चहा टाकला तर म्हणाल्या, "आधी पाणी भरून घ्या, चहा नंतर."

मीठभाकर, तुम्ही गोरेगावचे का?

मीठभाकर
आजोळ. स्टेशनच्या पश्चिमेला, पिठाच्या गिरणीच्या मागे.

निशिगंध
गिरणीवाल्यांच्या दारात पेरूचं झाड होतं ती?

मीठभाकर
हो!! आई म्हणतेय ताईंचं माहेरचं आडनाव विचार. व्यनि करतो.

रातराणी७
काल पहिल्यांदा उभ्या राहिलो. पत्र दिलं होतं, पोच घेतली. ठरलं होतं दहाबारा, आलो सहा जणी, सासूबाई पुढे. वीस मिनिटांत गल्लीतल्या आणखी बायका आपापले टॉर्च घेऊन खाली आल्या, क्लासच्या मुली थांबल्या. इस्त्रीवाल्या भैयांनी स्टूल दिलं सासूबाईंना. आज कुणीतरी येऊन खांबाचा नंबर लिहून घेऊन गेलं. दिवा अजून बंदच आहे, आजही उभ्या राहणार.

पण तक्रार "निराकरण झाले" दाखवतेय त्याचं काय करायचं? ऑफिसात म्हणतात सिस्टीममध्ये बंद झाली, आमच्या हातात नाही.

काळाकोट
माहिती अधिकारात अर्ज टाका, २००५ चा कायदा. साधा कागद, वर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. तीनच गोष्टी मागा: त्या तक्रारीवर कोण पाहणीला आलं, कुठल्या तारखेला, आणि काय काम केलं त्याच्या नोंदीची प्रत. "का नाही केलं" असा प्रश्न विचारू नका, कागद मागा. ३० दिवसांत उत्तर यायला हवं. नाही आलं तर त्याच ऑफिसात पहिलं अपील.

डोंगरावरची
आणि त्याच्यावरही आवक नंबर घ्या ताई.

रातराणी७
घेते. स्टॅम्प कुठे मिळेल?

काळाकोट
जवळच्या कोर्टाबाहेर स्टॅम्प व्हेंडर बसतात. दुपारी जेवायच्या सुट्टीआधी जा, नंतर रांग असते. चारपाच एकदमच घेऊन ठेवा.