लीड गिटार : तार बदलताना पिक अडकतो, स्पीड ९६ च्या पुढं जाईना – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

प्रश्न गिटारचा आहे, पण तबला-पेटीवाल्यांनीही वाचा. लयीचं दुखणं सगळ्यांना सारखंच असावं असा माझा अंदाज आहे.

मेट्रोनोमच्या (लयीचे ठोके देणाऱ्या यंत्राच्या) एका ठोक्याला चार सूर धरले तर एकाच तारेवर मी मिनिटाला १२० ठोक्यांपर्यंत आरामात जातो, म्हणजे सेकंदाला आठ सूर. ए मायनर पेंटॅटॉनिकचा पाचव्या फ्रेटवरचा (फ्रेट म्हणजे नेकवरची आडवी पट्टी) नेहमीचा बॉक्स (पेटीवाल्यांसाठी : धानी रागाचे सूर) ११०-११५ ला साफ निघतो. पण प्रत्येक तारेवर तीन सूर येतात तो स्केल घेतला की ९६ ला सगळं विस्कटतं. आकडे फ्रेटचे : जाड ई तारेवर ५-७-८, ए वर ५-७-८, डी आणि जी वर ५-७-९, बी वर ६-८-१०, बारीक ई वर ७-८-१०. डावा हात बरोबर जागी पडतो. पिक (तार छेडायची चकती) मात्र पुढच्या तारेवर उशिरा पोचतो, नाहीतर तिला नुसता घासून जातो आणि तो सूर मेल्यासारखा वाजतो.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात मशीन शॉपला आहे, त्यामुळं मला हे आमच्या भाषेतच सुचतं. लेथवर आटे पाडताना डायलवरची खूण जुळायच्या आधी हाफ नट (टूलला फिरत्या स्क्रूशी जोडणारा) टाकला की टूल जुन्या आट्यात बसत नाही, शेजारी दुसराच आटा काढतो. माझ्या दोन हातांचं नेमकं हेच चाललंय. दोन्ही आपापल्या जागी ठीक, पण एकमेकांना धरत नाहीत.

गिटारबद्दल विचारणार म्हणून आधीच सांगतो. साडेपंचवीस इंची स्केलची (म्हणजे तारेच्या लांबीची) इलेक्ट्रिक, ०.०१० इंची तारांचा सेट, पिक १ मिमी. बाराव्या फ्रेटला जाड तारेखाली २ मिमी. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) हाताशीच असतो म्हणून नेकचा बाकही मोजला. जाड तार पहिल्या फ्रेटला आणि नेक बॉडीला मिळते तिथं दाबून धरली तर मधे सातव्या-आठव्या फ्रेटवर पाव मिमीची फट आहे. जुलैत आपल्याकडं हवा कशी असते ते माहितीच आहे, तेव्हा ही फट बदलते. मग ट्रस रॉड (नेकमधली बाक कमी-जास्त करणारी सळई) थोडा थोडा फिरवून परत जागेवर आणतो. त्यामुळं ‘ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) जास्त असेल’ हे उत्तर कृपया नको.

दुसरं नको असलेलं उत्तर म्हणजे ‘सावकाश वाजव, स्पीड आपोआप येतो’. एका क्लासला हेच ऐकलं, यूट्यूबवरही हेच. ६० पासून सुरू करून चार-चार, पाच-पाच वाढवत जायचं. ६० ला काही म्हणजे काही चुकत नाही. ८० लाही नाही. ९६ आलं की त्याच जागी, त्याच पद्धतीनं मोडतं. माझी शंका अशी आहे की ६० च्या स्पीडला पिकाला एका तारेवरून दुसरीवर जायला इतका वेळ असतो की हात कसाही फिरवला तरी चालून जातं. म्हणजे तिथं कितीही घोटलं तरी खरी चूक तपासलीच जात नाही. हे बरोबर आहे का? असेल तर रियाज करायचा कसा?

गणपतीत मंडळाच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचंय. त्यात जेमतेम दोन ठोक्यांची एक सरळ चढती धाव आहे, ती ११२ ला आहे. बाकी सगळं जमतं, तेवढ्यावर येऊन अडलंय. घरी वाजवतो ते रात्री, हेडफोन लावून.

खर्जपंचम :

शंका बरोबर आहे. सावकाश वाजवणं वाईट नाही, पण ते फ्रेट पाठ करायला. हाताची चाल स्पीडला वेगळी असते आणि ती स्पीडलाच दिसते.

एक करून बघा. मोबाइल स्लो मोशनला, सेकंदाला २४० फ्रेमवर ठेवा, उजव्या हाताच्या अगदी जवळ, आणि ९६ ला मोडेपर्यंत वाजवा. १२० ला वाजवलं तरी एका सुराला ३० फ्रेम मिळतात, तेव्हा सगळं दिसेल. कोणत्या तारेवरून कोणत्या तारेवर जाताना अडकतं तेवढं लिहा. माझा अंदाज आधीच सांगून ठेवतो : ई वरून ए, डी वरून जी आणि बी वरून बारीक ई. या तीनच जागी. ए वरून डी आणि जी वरून बी जाताना काही होत नसणार.

धागाकर्ता :

शिफ्ट संपवून आत्ता बघितलं. भावा, नाद खुळा! तंतोतंत त्याच तीन जागा. हे कळलं कसं?

खर्जपंचम :

यात जादू काही नाही, हिशेब आहे. खाली-वर-खाली-वर असा पिक चालवताय ना? पेंटॅटॉनिकमधे तारेवर दोन सूर, म्हणजे प्रत्येक तार खाली-वर अशी संपते. तार सोडताना शेवटचा फटका कायम वरचा. तीन सुरांचा स्केल घेतला की ई तार खाली-वर-खाली अशी खालच्या फटक्यावर संपते, ए तार वर-खाली-वर अशी वरच्यावर, डी पुन्हा खालच्यावर. म्हणजे एक आड एक.

आता व्हिडिओत पिकाचा कल बघा. तुमचा पिक असा तिरका असणार की वरचा फटका मारला की तो तारांच्या पातळीतून वर हवेत येतो. तिथून कुठल्याही तारेवर मोकळेपणानं जाता येतं. खालच्या फटक्यानंतर मात्र तो दोन तारांच्या मधे रुततो. पुढचा फटका वरचा, म्हणजे पुढची तार ओलांडून तिच्या पलीकडं जायला हवं, आणि वाटेत तीच तार उभी. ६० ला मनगट उचलून उडी मारता येते. ९६ ला त्या उडीला वेळ नाही. ‘हात अजून सेट झाला नाही’ वगैरे म्हणतात त्यात मला तरी फारसा अर्थ दिसत नाही, इथं वाटच बंद आहे.

उपाय दोन-तीन आहेत. खालच्या फटक्यानंतरही पिक बाहेर निघेल असा कल मधेच बदलायला शिकणं हा एक. चांगला आहे, पण गणपतीपर्यंत होणार नाही. ई वरचा शेवटचा खालचा फटका तसाच पुढं ढकलून ए वर पडू द्यायचा, हा दुसरा. चढताना तो सोपा वाटतो, पण लय पळते. दोन तारांमधलं अंतर पिक आपल्या मर्जीनं कापतो, ठोक्याच्या नाही.

तुमच्यासाठी तिसरा. प्रत्येक तारेवर पहिले दोन सूर पिकानं, खाली आणि वर. तिसरा हॅमर-ऑन, नुसतं बोट आपटून. मग प्रत्येक तार वरच्याच फटक्यावर सुटते आणि पुढची खालच्यावर सुरू होते. पेंटॅटॉनिकला तुमचा हात जे आधीच ११५ ला करतोय, तेच.

रियाज असा : मेट्रोनोम थेट ११२ ला, पण चारच सूर. ई वरचे तीन, ए वरचा पहिला, आणि थांबायचं. श्वास घ्यायचा, पुन्हा. ते साफ झालं की ए वरचे तीन आणि डी वरचा पहिला. सगळे तुकडे सुटे जमले की जोडायला वेळ लागत नाही. पूर्ण धाव ७० ला घोळत बसण्यापेक्षा हे कंटाळवाणं कमी आणि उपयोगाचं जास्त.

ठेका_धरा :

मी तबल्याचा माणूस, गिटारमधलं कळत नाही. देवल क्लबात मैफिली ऐकत वाढलोय एवढंच भांडवल. पण वर ‘तारेवर तीन सूर’ आणि ‘ठोक्याला चार सूर’ हे दोन्ही वाचलं आणि म्हटलं, इथंच गंमत आहे.

तुमचा हा स्केल म्हणजे पेटीवरचा आसावरी थाट. त्याचा तीन-तीनचा तुकडा चौगुनीत (ठोक्याला चार सूर) वाजवला तर ठोका पहिल्यांदा ई तारेच्या पहिल्या सुरावर येतो, दुसऱ्यांदा ए तारेच्या दुसऱ्यावर, तिसऱ्यांदा डी तारेच्या तिसऱ्यावर. प्रत्येक वेळी जागा सरकते. हाताला तार बदलायची खूण एकीकडं मिळते आणि कानाला ठोक्याची दुसरीकडं. आधी तिगुनीत (ठोक्याला तीन सूर) वाजवा, प्रत्येक तारेचा पहिला सूर बरोबर ठोक्यावर येईल. मग त्याची दुप्पट, ठोक्याला सहा सूर, म्हणजे दोन तारांना एक ठोका. ते बसलं की चौगुनीत या आणि ठोक्यावरचा सूर, मग तो तारेवर कुठंही असो, मुद्दाम जोरात वाजवा. आमच्यात कायदा (तबल्यावरची ठरावीक रचना) आधी ठायीत म्हणजे संथ लयीत, मग दुगुनीत धरायला लावतात. त्यात स्पीडपेक्षा ठोका कुठल्या बोलावर पडतोय हे कानाला कळणं जास्त महत्त्वाचं.

मेट्रोनोम बंद करून पायानं ठेका धरूनही वाजवून बघा. पाय पळत असेल तर हातही पळणारच.

धागाकर्ता :

दोघांचंही लय आभार. चार-चार सुरांचे तुकडे केले. ई-ए आणि ए-डी ११२ ला निघायला लागलेत, जे माझ्याच्यानं कधी होईल असं वाटत नव्हतं. तिगुनीचं तर डोक्यातच आलं नव्हतं. डी वरून जी जाताना ठोका नेमका डी च्या शेवटच्या सुरावर येतो तिथं कान गोंधळत होता, तो आता जरा सुधारलाय.

नवीन अडचण : हॅमर-ऑनचा सूर पिकाच्या सुरापेक्षा बारीक वाजतो. डी आणि जी वर ९ व्या फ्रेटला करंगळी येते, तिथं तर जवळपास गायबच. डिस्टॉर्शन (आवाज जाड, फाटका करणारा इफेक्ट) वाढवलं की झाकला जातो, पण ते मनाला पटत नाही.

खर्जपंचम :

पटायलाही नको. रियाज क्लीन आवाजावर करा, तिथं झाकायला काही नसतं. शेवटी एकदा डिस्टॉर्शनवर वाजवून बघायचं ते फक्त बाकीच्या तारा गुणगुणत नाहीत ना यासाठी. तळव्याची कड जाड तारांवर टेकवून आणि पहिल्या बोटाचं टोक वरच्या तारेला हलकं लावून त्या गप्प ठेवता येतात.

करंगळीचं म्हणाल तर जोर वाढवू नका. ती फ्रेटच्या अगदी जवळ पडतेय का ते बघा. मधे पडली तर कितीही आपटा, आवाज येत नाही. आणि पिकाचे दोन फटके थोडे हलके करा, पिकाचं टोकच तारेला लागू दे. हॅमर-ऑन मोठा करण्यापेक्षा पिक लहान करणं सोपं. दुसरं, ती उंचावरून येत असेल तर स्पीडला उशिरा पोचते. बाकीची बोटं दाबलेली असताना करंगळी तारेच्या वर बोटभरही जाऊ नये.

मनगट दुखलं तर त्या दिवशी बंद. मुंग्या येत असतील तर मला नाही, डॉक्टरला विचारा.

धागाकर्ता :

फ्रेटजवळ पाडल्यावर फरक आहे. शेवटचं एक : हीच धाव उतरताना वाजवायची झाली तर पुन्हा हिशेब उलटणार का?

खर्जपंचम :

नाही. उतरताना तारेवरचा वरचा सूर खालच्या फटक्यानं, मधला वरच्या फटक्यानं आणि तिसरा पुल-ऑफ, म्हणजे दाबलेलं बोट ओढून सोडून. तार पुन्हा वरच्याच फटक्यावर सुटते. फक्त पुल-ऑफ करताना बोट सरळ वर उचलू नका, तारेला जरा खाली ओढून सोडा, आणि खालचं बोट आधीच दाबून ठेवा. ओढताना शेजारची बारीक तार वाजली तर पहिल्या बोटाचं पोट तिच्यावर टेकलेलं नाही असं समजा.