इंग्लंडमधले मातीचे गड आणि गूढ खुणा : तुमचे अनुभव सांगा

गेल्या रविवारी डॉर्चेस्टरबाहेरच्या मेडन कासलला जाऊन आलो. आठवडा झाला तरी तो गड डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा काढतोय.

राजगड-तोरणा करत मोठा झालोय. किल्ला म्हणजे कातळ, बुरूज, पाण्याची टाकी हे मनात पक्कं. इथे आहे ती नुसती माती. एकामागे एक उंच बांध, मधे खोल खंदक, सगळ्यावर गवत आणि चरणाऱ्या मेंढ्या. पहिला बांध साधारण इ. स. पू. ६०० चा, पुढे वाढवत नेऊन १९ हेक्टरांचा पसारा झाला. लोखंड नुकतं हाती आलेल्या माणसांनी हे सगळं खोदून उभं केलं.

पश्चिमेच्या दरवाजातून आत शिरताना मी दोनदा थांबलो. वाट सरळ आत जातच नाही. बांधाला वळसा, पुन्हा वळसा, आणि दर वळणावर वरून मारा करता येईल अशी जागा. हा तर आपला गोमुखी दरवाजा! मारा व्हायचा गोफणीचा. चेसिल बीचवरून आणलेल्या गोट्यांचे ढीगच्या ढीग इथे सापडले.

ते शोधणारे ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर. त्यांनी इथे १९३४ ते १९३७ उत्खनन केलं. पूर्व दरवाजाजवळच्या सांगाड्यांवरून रोमन हल्ल्यातल्या कत्तलीची गोष्ट त्यांनी मांडली, पण नंतरच्या संशोधकांना ती पटलेली नाही. चौकोनी खड्डे घ्यायचे आणि मधे न खणलेल्या मातीच्या भिंती ठेवायच्या, ही त्यांची पद्धत इथे घोटली गेली. १९४४ मध्ये ते भारताच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख झाले आणि तीच पद्धत त्यांनी आपल्याकडच्या मुलांना शिकवली. त्या बांधावर उभं असताना हे आठवलं आणि अंगावर काटा आला.

तुम्ही कुठे कुठे गेलात? सविस्तर लिहा.

(बॅनबरीहून)
दादा, माझा अनुभव रोलराइट स्टोन्सचा. एका राजाला आणि त्याच्या फौजेला चेटकिणीने दगड केलं, अशी तिथली कथा. शिपाई वर्तुळात उभे आहेत, राजा रस्त्यापलीकडे एकटा. गंमत म्हणजे वर्तुळ ऑक्सफर्डशायरमध्ये आणि राजा वॉरिकशायरमध्ये, कारण हद्द त्या रस्त्यावरूनच जाते. दगड मोजले तर आकडा दर वेळी वेगळा येतो म्हणतात. मी आणि लेकीने तीनदा मोजले. ७३, ७६, ७४.

आई वाईजवळच्या गावाहून आली होती. तिने मोजले नाहीत. एक फेरी मारली, राजाच्या दगडासमोर जाऊन चपला काढल्या आणि म्हणाली, "अगं, हा वेताळ. आणि ती त्याची फौज." आमच्या गावच्या माळावर शेंदूर लावलेला मोठा धोंडा आणि त्याच्याभोवती लहान धोंडे उभे आहेत, त्यांना वेताळाचं सैन्यच म्हणतात. मी या देशात सात वर्षं राहत होते, पण कुठल्याही जागेशी ओळख झाल्यासारखं त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

(डिव्हायझेसहून)
मी नर्स आहे. स्विंडनची रात्रपाळी संपवून घरी येताना माझा रस्ता एव्हबरीच्या दगडी वर्तुळातून जातो. खरोखर आतून! पुढे सिलबरी हिल दिसते. तीस मीटर उंच, पूर्ण मानवनिर्मित, साधारण ४४०० वर्षं जुनी. १७७६ मध्ये वरून विहिरीसारखा खड्डा घेतला, १८४९ मध्ये आणि मग १९६८ पासून बोगदे खणले. ना राजा सापडला, ना सोनं. उलट २००० साली तो जुना खड्डा माथ्यावर खचला आणि टेकडी आतून भरून घ्यावी लागली.

वर चढायला मनाई आहे. मला त्याचं वाईट वाटत नाही. धुक्यात तिचा फक्त माथा दिसतो तेव्हा मी गाडी बाजूला घेते आणि पाच मिनिटं बसून राहते. कोविडच्या वर्षात त्या पाच मिनिटांनी मला फार सांभाळलं.

(रेडिंगहून)
अफिंग्टनचा पांढरा घोडा. डोंगरउतारावर खडूच्या दगडाने भरलेली ११० मीटर लांबीची आकृती, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची. जवळ गेलं की घोडा दिसतच नाही, नुसते पांढरे पट्टे दिसतात. माथ्यावर मातीचा गडही आहे.

गवत वाढू दिलं तर थोड्याच वर्षांत घोडा बुजेल. म्हणून उन्हाळ्यात स्वयंसेवक जमतात. मी गेलो होतो. हातात हातोडा आणि खडूची बादली देतात. गुडघ्यावर बसायचं, तण उपटायचं, नवा खडू टाकायचा आणि ठोकून बसवायचा. माझ्या वाट्याला पायाचा दोन मीटर तुकडा आला. शेजारच्या आजोबांच्या आजोबांनीही तो घासला होता म्हणे. आमच्याकडे दुर्गसंवर्धनाला जायचो तेव्हा टाक्यातला गाळ काढताना असेच शेजारी शेजारी बसायचो. कमरेचं दुखणंसुद्धा तेच.

(धागाकर्ता)
ताई, आईंना माझा नमस्कार सांगा. रेडिंगकर, पुढच्या वर्षीची घोड्याची तारीख कळली की इथेच टाका. मी येतोय, हातोडा घरचा आणतो.