मदत हवी आहे: हवाईयन 'एआ'ला मराठीत काय म्हणू?

मंडळी, एका दिवाळी अंकासाठी हवाईवर लेख लिहितोय आणि एका शब्दापाशी गाडी अडलीय. तिथल्या राज्याचं ब्रीदवाक्य आहे: 'उआ माउ के एआ ओ का आइना इ का पोनो' (ढोबळ अर्थ: भूमीचं जीवन नीतीने टिकून राहतं). रूढ इंग्रजी भाषांतरात 'एआ'चं 'जीवन' झालंय, भूमीचं जीवन. पण या एका शब्दात श्वास, हवा, प्राण, सार्वभौमत्व, सगळंच आहे.

संदर्भ बघा. फेब्रुवारी १८४३ मध्ये ब्रिटिश कप्तान जॉर्ज पॉलेटने बेटं बळकावली. पाच महिन्यांनी ॲडमिरल रिचर्ड थॉमसने ती परत केली आणि ३१ जुलैला राजा तिसरा कामेहामेहा हे वाक्य बोलला, असं मानतात. नुकतंच राज्य परत मिळालेल्या राजाच्या तोंडी 'जीवन' फारच गुळमुळीत वाटतं. 'स्वराज्य' लिहावं तर श्वास निसटतो, शिवाय आपला वाचक थेट रायगडावर पोचतो. 'प्राण' जवळचा, पण त्यात सत्ता नाही.

'पोनो'चं तर विचारूच नका (योग्य, न्याय्य, नीट, हिताचं). तिथे तूर्त 'नीती' ठेवलंय.

दोन्ही अर्थ पेलणारा एखादा शब्द सुचतोय का कुणाला? जोडशब्दही चालेल. तळटीप मात्र नको, संपादकांना खपत नाही.