शब्दचर्चा : 'उपकारस्तुती' आणि 'आभार' यांत नेमका फरक काय?

प्रश्न

आईच्या वर्षश्राद्धाला आम्ही ख्रिस्ती लोक जी प्रार्थनासभा ठेवतो, तिची पत्रिका लिहायला बसले आहे. आमच्या नगरकडच्या मंडळीत 'उपकारस्तुतीची प्रार्थना' असं म्हणतात. भाऊ म्हणतो, आजच्या लोकांना हा शब्द कळणार नाही, 'आभारप्रदर्शन' लिही. मला ते सभेच्या शेवटी माइक-मंडपवाल्यांसाठी करतात तसं वाटतं. 'कृतज्ञता' चालेल का?

शिवाय 'उपकार' हा शब्द बोलण्यात टोचतो. "उपकार करतोस का माझ्यावर?" असं आपण भांडतानाच म्हणतो. मग प्रार्थनेत तो इतका मऊ कसा होतो?

प्रतिसाद

ताई, 'कृतज्ञता' सुंदर शब्द आहे. कृत म्हणजे केलेलं, ज्ञ म्हणजे जाणणारा. आपल्यासाठी कुणी काय केलं ते जाणणं. पण ते जाणणं मनातल्या मनात राहू शकतं. 'उपकारस्तुती'त तोंड उघडावं लागतं, स्तुती केल्याशिवाय तो शब्द पुरा होत नाही.

'उपकार' टोचतो तो माणसामाणसांत, कारण तिथे फेडीचा हिशेब असतो. फेड होणारच नाही अशा ठिकाणी तो हिशेब गळून पडतो. तुकोबांनी संतांबद्दल म्हटलंय, "काय सांगो आता संतांचे उपकार", आणि लगेच पुढे, "काय द्यावें त्यांसी व्हावें उतराई". उतराई होता येत नाही हे कळतं, तिथेच त्यांचा आवाज भरून येतो. कवी रेव्हरंड ना. वा. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, आणि आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत. मराठी चर्चमध्ये 'उपकार' हा शब्द परका वाटत नाही, त्यामागे ही ओल आहे असं मला मनापासून वाटतं.

प्रतिसाद

वसईहून लिहितो. भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीला आम्ही कॅथलिक 'मिस्सा' म्हणतो, तुमच्याकडे 'प्रभुभोजन' म्हणतात. या विधीचं ग्रीक नाव यूखरिस्तिया, म्हणजे उपकार मानणं. बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानात येशू प्याला घेतो आणि उपकारस्तुती करून शिष्यांना देतो. ही रात्र कोणती? धरून नेण्याच्या आधीची. काही मिळालं म्हणून मानलेले हे आभार नव्हेत. सगळं हातातून जाणार हे ठाऊक असताना केलेली ही स्तुती आहे. 'आभारप्रदर्शन' इथे बसवून बघा, वाक्य कोसळतं.

प्रश्नकर्तीकडून

दादा, तुमचं वाचून मला १९७२ आठवलं. म्हणजे मावशीने सांगितलेलं, मी तेव्हा चार वर्षांची होते. एरवी पीक घरात आलं की लोक चर्चमध्ये बाजरी, भोपळे, अंडी, एखादी कोंबडी आणून वेदीपुढे ठेवायचे. त्या साली ठेवायला काही नव्हतं. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, तिथे सुकडी, म्हणजे खायला कोरडा खाऊ, मिळायची. तिने त्यातली ओंजळभर सुकडी पदराच्या टोकाला बांधून नेली आणि रिकाम्या परातीत सोडली. तिच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या, हे मावशी दर वेळी सांगायची.

या स्वभावाला काय म्हणावं? 'सोशिक' मला आवडत नाही, बायकांना तो बक्षिसासारखा देऊन टाकतात. 'निमूट' तर नाहीच, त्यात नाइलाज आहे.

प्रतिसाद

'स्वस्थ' चालेल का बघा. आता त्याचा अर्थ 'काही न करता' एवढाच उरलाय, "स्वस्थ काय बसलास?" पण मूळ स्व-स्थ, आपल्या ठिकाणी असलेला. बायबलमधल्या यशयाच्या तिसाव्या अध्यायात मागे फिरणं आणि स्वस्थ राहणं यात बचाव आहे म्हटलंय, आणि शांतता व श्रद्धा यांत सामर्थ्य. तुमच्या आई खडी फोडतानाही स्वस्थच होत्या.

आणखी एक शब्द सुचवतो : 'भूकमळ'. येशू म्हणतो, "रानातील भुकमळे कशी वाढतात हे लक्षात आणा." लहानपणी मी तो भूक-मळे असा वाचायचो, भुकेचे मळे! खरं तर भू-कमळ, जमिनीवरचं कमळ. ग्रीकमधला शब्द क्रिनॉन. गालिलातल्या टेकड्यांवर वसंतात फुलणारं लाल अ‍ॅनिमोन ते हेच, असं अनेक अभ्यासक मानतात. भाषांतरकारांनी परदेशी नाव न आणता मराठी माणसाच्या डोळ्यापुढे उभं राहील असं फूल घडवलं, याचं मला फार कौतुक आहे. त्याच क्रिनॉनवरून वनस्पतिशास्त्रात क्रायनम हे नाव आलं, म्हणजे आपला नागदवणा. जमिनीत कांदा असतो. त्यातून दांडा वर येतो आणि संध्याकाळी पांढरी फुलं उमलतात, वास दारापर्यंत.

प्रश्नकर्तीकडून

आमच्या विहिरीच्या कडेला नागदवणा आहे. आईनेच लावलेला. पत्रिकेवर त्याचं चित्र काढायला भाचीला सांगितलंय, ती रविवारी बसणार आहे.

भाऊही 'उपकारस्तुती'ला तयार झाला. फक्त एक. आजच्या नियमाने 'स्तुती' दीर्घ लिहितात, आईच्या जुन्या बायबलमध्ये 'उपकारस्तुति' असं ऱ्हस्व छापलंय आणि तिने पेन्सिलीने त्याखाली रेघ ओढलीय. पत्रिकेत ऱ्हस्वच ठेवतेय.