बी विंगची टाकी कुणी रिकामी केली?

सुलभाकाकू, बी-३०४ (सकाळी ८:१२)
(अनेकदा फॉरवर्ड केलेला) अत्यंत महत्त्वाचे!! तातडीच्या दुरुस्तीमुळे गुरुवार दि. १२ ते शनिवार दि. १४ संपूर्ण शहराचा पाणीपुरवठा बंद राहील. नागरिकांनी पाणी साठवून ठेवावे. जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा.

सुलभाकाकू, बी-३०४
आजपासूनच भरून ठेवा गं सगळ्यांनी. आयत्या वेळी धावपळ नको.

रोहित, सी-५०१
खरंय का हे?

पाटीलवहिनी, बी-६०२
माझ्या माहेरच्या ग्रुपवरही आलंय. म्हणजे खरंच असणार.

सेक्रेटरी (११:४०)
बी विंगची वरची टाकी रिकामी झाली आहे. पंप दोनदा चालवला. खालच्या टाकीत आता फूटभर पाणी आहे. सगळ्यांनी एकदम ड्रम भरले काय?

सुलभाकाकू, बी-३०४
बघा! आलं की नाही खरं? मी सकाळीच सांगितलं होतं.

रोहित, सी-५०१
काकू, पाणी पालिकेनं नाही घालवलं. आपणच संपवलं.

आजी, ए-२०१
नातवाकडून लिहून घेतेय. मेसेजमध्ये गुरुवार १२ लिहिलंय. कालनिर्णयात १२ ला शुक्रवार आहे.

सेक्रेटरी
आजी, दंडवत. पालिकेच्या पाणीपुरवठा विभागात फोन केला. बंद वगैरे काही नाही. गेल्या वर्षीची सूचना आहे, त्यात साल नव्हतं, म्हणून पुन्हा फिरतेय. सकाळपासून त्यांना हेच फोन येताहेत म्हणे.

कुलकर्णीकाका, ए-१०२
म्हणून मी या मोबाइलवर विश्वास ठेवत नाही. सकाळी ७:०५ ला आकाशवाणी पुण्याच्या प्रादेशिक बातम्या, मग दोन पेपर. चाळीस वर्षं हाच नेम आहे. छापून आलं की खरं.

रोहित, सी-५०१
काका, १० रुपयांच्या नाण्याचा मेसेज मग कुणी टाकला होता?

कुलकर्णीकाका, ए-१०२
तो मला एका जबाबदार माणसानं पाठवला होता.

रोहित, सी-५०१
रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०१८ मध्येच सांगितलंय की नाण्याच्या १४ वेगवेगळ्या डिझाइन निघाल्या आहेत आणि सगळ्या चालतात. रुपयाचं चिन्ह असलेलं खरं, नसलेलं खोटं, असं काही नाही. तुमच्या मेसेजनंतर आपला दूधवाला महिनाभर नाणी घेत नव्हता.

मेघना, ए-४०३
काका, मी पेपरच्या डेस्कवर ११ वर्षं काढली आहेत, म्हणून जरा लांब लिहिते. छापलेलंही चुकतं. विक्रम गोखल्यांचं आठवतंय? २३ नोव्हेंबर २०२२ ची रात्र. पुण्यात रुग्णालयात होते, प्रकृती गंभीर होती. रात्री कुठून तरी ‘गेले’ अशी बातमी सुटली. काही वेबसाइट, काही वाहिन्यांनी चालवली. सिनेमातल्या मोठ्या लोकांनी श्रद्धांजल्या वाहिल्या. मग त्यांच्या पत्नीलाच सांगावं लागलं की ते व्हेंटिलेटरवर आहेत, गेलेले नाहीत. ते गेले २६ तारखेला. त्या मधल्या वेळात त्यांच्या घरच्यांना किती फोन आले असतील, याचा विचार केला की आजही कसंतरी होतं.

त्या रात्री मी ड्यूटीवर होते. माझ्याकडेही आली होती. पाठवणारा ओळखीचा, माणूस खोटं बोलणारा नाही. आमचे जुने संपादक एकच विचारायचे, ‘कोण म्हणतंय?’ मी विचारलं. तो म्हणाला, सगळीकडे आलंय. हे ‘सगळीकडे’ म्हणजे एकाचंच दहा जणांनी उचललेलं. पाटीलवहिनी, तुमच्या माहेरच्या ग्रुपवरचा मेसेज दुसरा नाही, हाच आहे. दहा जणांकडून आला म्हणून साक्षीदार दहा होत नाहीत. मी रुग्णालयात फोन लावला, लागेना, म्हणून थांबले. शहाणपण वगैरे काही नव्हतं, फोन लागला नाही एवढंच. शेजारच्या टेबलावरच्या मुलानं मात्र मजकूर करून ठेवला होता.

पाटीलवहिनी, बी-६०२
अगं बाई. मीही तेव्हा स्टेटस ठेवलं होतं.

सुलभाकाकू, बी-३०४
म्हणजे आता काही पाठवायचंच नाही का? चांगल्यासाठीच पाठवलं ना मी? पाणी आहे, बॉम्ब नाही. माझ्यावर सगळे तुटून पडलेत.

(सुलभाकाकू यांनी ग्रुप सोडला)

सेक्रेटरी
झालं. आता कोण जाणार बोलवायला?

आजी, ए-२०१
मी जाते. चहाच्या वेळेला.

शिंदे, सी-१०४
मी साक्री तालुक्यातला. या ग्रुपवर फार लिहीत नाही. पण ‘चांगल्यासाठीच’ वरून आठवलं. राईनपाडा आमच्याकडचंच. १ जुलै २०१८, रविवारचा बाजार. मुलं पळवणारी टोळी आलीय, असे मेसेज त्या दिवसांत फिरत होते. भिक्षा मागायला आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण लोकांनी ठार मारले. मंगळवेढ्याकडची माणसं. ते मेसेज पुढे ढकलणाऱ्या बहुतेकांनी मुलांच्या काळजीनंच ढकलले असणार. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं आपल्याकडे एका वेळी पाचच ठिकाणी पाठवायची मर्यादा घातली. काकूंना दोष देत नाहीये. त्या परत आल्या की हे वरचं वाचू देऊ नका, त्यांना वाईट वाटेल.

मेघना, ए-४०३
शिंदेभाऊ, बरं केलंत लिहिलंत ते.
आणि एक. काकूंच्या मेसेजवर दोन बाण दिसतात ना, ते उगाच नसतात. मूळ पाठवणाऱ्यापासून निदान पाच हात पालटून आलेला असला की ते येतात. असा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवता येतो. माझ्या आईला सांगितलं तर म्हणाली, ‘दोन बाण म्हणजे जास्त महत्त्वाचा, असं मला वाटायचं.’

कुलकर्णीकाका, ए-१०२
मलाही.

रोहित, सी-५०१
मी तरी कोण शहाणा? मला अर्ध्या बातम्या रीलवर कळतात. गेल्या पावसाळ्यात धरणाचा व्हिडिओ पाठवला होता ना, मेघनाताईंनी गूगल लेन्सवर टाकून दाखवला. धरण भारतातलंच नव्हतं.

(सेक्रेटरी यांनी सुलभाकाकू यांना जोडले, सायं. ५:५०)

सुलभाकाकू, बी-३०४
आजींनी आलेपाक दिला म्हणून आले. आता हे भरलेलं पाणी काय करायचं? चार बादल्या, एक टब आणि कुकरसुद्धा भरलाय.

आजी, ए-२०१
शिळं म्हणून मोरीत ओतू नका कुणी.

सेक्रेटरी
ओतू नका. बी विंगचा जिना धुवून घेऊ. सगळ्यांनी बादल्या उद्या सकाळी दाराबाहेर ठेवा.

सुलभाकाकू, बी-३०४
वॉचमन म्हणतोय, उद्या झाडूवाल्या मावशी येणार नाहीत.

रोहित, सी-५०१
वॉचमनला कुणी सांगितलं?

सुलभाकाकू, बी-३०४
थांब, विचारते.

सुलभाकाकू, बी-३०४
पाटीलवहिनींनी.

पाटीलवहिनी, बी-६०२
मला वॉचमननंच सांगितलं.