राण्यांबरोबर दालनातली माणसंही
इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याचा कारभार त्याच्या सहा राण्यांभोवती फिरला, असं म्हणतात. अर्धंच पटतं. पहिली राणी कॅथरीन हिच्याशी काडीमोड हवा म्हणून रोमच्या पोपशी फाटलं हे खरं, पण राजाच्या खासगी दालनातली माणसं अशा बोलण्यात राहूनच जातात. त्यांतला मानाचा हुद्दा 'ग्रूम ऑफ द स्टूल', म्हणजे राजाच्या शौचाच्या वेळी हजर राहणारा! हसू नका, राजाच्या इतक्या जवळ दुसरं कोणी पोचत नसे. जवळीक अंगाशीही यायची. हेन्री नॉरिस याच पदावर होता. दुसरी राणी अ‍ॅन बोलिन हिच्याशी संबंध असल्याच्या आरोपावरून १७ मे १५३६ला त्याचं मुंडकं उडालं.

शेवटी हे पद अँथनी डेनीकडे आलं. तोवर राजा स्वतः सही करेनासा झाला होता. सहीचा ठसा कागदावर दाबायचा आणि उमटलेल्या खाचांत विल्यम क्लर्क नावाचा कारकून शाई भरायचा. अशा ठशाच्या कागदांच्या यादीत ३० डिसेंबर १५४६च्या मृत्युपत्राचीही नोंद आहे. महिन्याभरात हेन्री गेला आणि त्याच्या नऊ वर्षांच्या मुलाच्या, एडवर्डच्या नावाने मामा सीमोर राज्य करू लागला. पुढे हेन्रीची मुलगी एलिझाबेथ राणी असताना, इंग्लंडच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या स्कॉटलंडच्या मेरी राणीच्या बाजूने 'ही राजाची सहीच नाही' म्हणून हेच मृत्युपत्र उकरून काढलं गेलं.